भिजत घातलेले जंगी जहाज

ज्या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नाही, तो जगातल्या कोणत्याही आरमारप्रमुखाच्या तोडीचा असू शकतो, असे विधान मी केले तर प्रयोगशाळेतले माझे सहकारी पुरावा मागतील, आणि ते योग्यच होईल. माझा पुरावा म्हणजे माझ्या आत्याचे थोरले दीर. सारे गाव त्यांना अप्पा म्हणे, म्हणून मीही अप्पाच म्हणते. दुबलगुंडीच्या पलीकडे, जिथे मराठी बोलता बोलता माणूस नकळत कानडीत शिरतो आणि दखनीतून बाहेर पडतो, तिथल्या एका लहानशा जहागिरीत ते पेशकार होते. म्हणजे जहागीरदारांपुढे कागद ठेवायचे, सही झाली की उचलायचे आणि सही झाली नाही तरीही उचलायचे. तिथून समुद्र इतका लांब आहे की मीठसुद्धा आमच्या बाजारात येईपर्यंत आपले मूळ गाव विसरलेले असते. अशा ठिकाणी अप्पांनी एक जंगी जहाज मागवले, बांधले, बुडवले आणि वर काढले. या चार क्रियापदांपैकी पहिल्या दोहोंनाच माझे सारे बालपण आणि जवळजवळ सारे शिक्षण पुरले.

जहागीरदारांना सगळे ‘सरकार’ म्हणत. ते मनाने उदार आणि दृष्टीने अधू होते. डोळे दाखवायला ते एकदा मुंबईला गेले आणि तिथल्या गोदीत त्यांना राखी रंगाची, तोफा लावलेली जहाजे अंधुक का होईना, पण दिसली. परत आल्यावर ओसरीवर बसून जहागिरीच्या मोठ्या तळ्याकडे पाहत ते म्हणाले, “अप्पा, हमारे तालाब पो एक जंगी जहाज होना.” दुसऱ्या कोणीही ‘काइकू सरकार?’ असे विचारले असते. अप्पांनी विचारले, “कितने हात लंबा होना, सरकार?” विज्ञान शिकताना मला अनेक विद्वान भेटले, परंतु ‘कशाला’ हा प्रश्न गिळून ‘किती’ हा प्रश्न विचारण्याचे धैर्य इतक्या सहजपणे मी इतरत्र पाहिले नाही. त्याच दुपारी धान्याच्या कोठाराशेजारच्या खोलीवर ‘महकमा-ए-बहर’ म्हणजे समुद्रखाते, अशी पाटी लागली, अप्पांना मीरबहर म्हणजे आरमारप्रमुख हा किताब मिळाला, आणि खोलीतले कडब्याचे भारे बाहेर काढण्यापासून आरमाराच्या कारभाराला प्रारंभ झाला.

त्या संध्याकाळी घरी येताच अप्पांनी डोक्यावरचे पागोटे उतरवून खुंटीला लावले आणि जाहीर केले, “जहाज तरंगल्याबिगर डोस्क्याला पागुटं लावणार न्हाई.” खांद्यावर टॉवेल आणि माथा उघडा, हा त्यांचा पोशाख तेव्हापासून ठरला. आमच्या भागात पोक्त माणूस बोडक्या डोक्याने हिंडू लागला की घरात मयत झाले असे लोक समजतात. त्यामुळे परगावचे व्यापारी अप्पांना पाहताच आवाज खाली आणत, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर हात ठेवत आणि विचारत, “कोण गेलं, अप्पा?” अप्पा प्रसन्नपणे सांगत, “कुणी गेलं न्हाई. यायचंय एक.” लग्नकार्यांत व्याही मंडळी रीतीप्रमाणे पागोट्याचा आहेर करत, अप्पा तो दोन्ही हातांनी स्वीकारत, कपाळाला लावत आणि घरी आणून नव्या खुंटीला टांगत. पुढे पुढे त्यांच्या माजघराची भिंत एखाद्या दरबारासारखी दिसू लागली. दरबारी मात्र सगळे गैरहजर. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, दिवा लावताना म्हणत, “ह्या घरात माणसांपरीस पागुटीच लई झाली. कुणाला जेवायला वाढू, तेच कळंना.”

माझी आणि अप्पांची खरी ओळख मी सुट्टीत आत्याकडे असताना झाली, तीही हौदाकाठी. तरंगणारी वस्तू का तरंगते हे कळल्याशिवाय जहाजाची मागणी लिहिणे अप्पांना अप्रामाणिक वाटे, म्हणून घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी पाण्यात सोडून पाहिली होती. वांगे तरंगते, रताळे बुडते, खडावा तरंगतात, पण कोणाच्या हे महत्त्वाचे नसते, असे त्यांचे शोध होते. शेवटी त्यांची निवड अक्कांच्या पितळी परातीवर स्थिरावली. परात पाण्यावर सोडायची, तिच्यात मापाने ज्वारी टाकत जायचे आणि कोणत्या मापाला काठ पाण्याखाली जातो ते पाहायचे, असा तो प्रयोग. दर मापामागे एक चिंचोका बाजूला टाकून मी मोजत असे आणि अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून पाहत. आतून अक्का विचारत, “परात हौदावर राज करायलीय, मी भाकरी कशात थापू?” अप्पा उत्तर देत, “जरा दम धर. सरकारी काम चाललंय.” ज्वारी मधोमध न टाकता कडेला टाकली तर परात आधीच कलते, हे मी त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की पुढे विद्यापीठाच्या पदकानेही मला तितके मोठे केले नाही. त्याच आठवड्यात ते माझ्या वडिलांना सांगून आले, “पोरगी मोजती. मोजणाऱ्या माणसाला घरात कोंडू नये. हैद्राबादला धाडा तिला, शास्त्र शिकवा.” वडिलांनी माझ्या लग्नाचा विषय काढला, तर म्हणाले, “लगीन कुटं पळून चाललंय? जहाजासारखं हाय ते. उशिरा झालं तरी हुतंय.”

तोल हा त्या प्रयोगानंतर अप्पांच्या स्वभावाचाच भाग झाला. हुमनाबादच्या जत्रेला आम्ही एकाच बैलगाडीने निघालो की वाटेत ते गाडी थांबवत आणि बसलेल्यांची फेरमांडणी करत. माझी आत्या अंगाने भरदार. तिला ते अत्यंत आदराने सांगत, “बाई, तुमी उजव्या अंगाला सरका. डाव्या अंगाला नाव कलायलीय.” आत्या म्हणायची, “ही गाडी हाय, भावजी.” “आज गाडी हाय,” अप्पा म्हणत, “पर सवय नावंची लागाय पायजे.” मग आत्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला ज्वारीचे पोते, माझा धाकटा भाऊ आणि गुळाची ढेप, अशी जुळणी होऊन आमचे आरमार पुढे सरके. जत्रेत पोचल्यावर उतरतानासुद्धा दोन्हीकडून एकाच वेळी उतरावे लागे.

आता खुद्द खरेदीकडे वळते. सरकारी काम तीन ठिकाणचे अंदाज घेतल्याशिवाय कोणालाही द्यायचे नाही, असा जहागिरीचा कडक नियम होता. परंतु पंचक्रोशीत जहाज बांधणारा एकही माणूस नव्हता, मग तीन कोठून आणणार? अखेर मुडबीच्या एका गाड्या बनवणाऱ्या सुताराने स्वतःचा, चुलत्याचा आणि सासऱ्याचा असे तीन अंदाज स्वतःच लिहून दिले. गंमत अशी की त्यात सर्वांत महाग त्याचा स्वतःचा निघाला. अप्पांनी कारण विचारले, तर तो म्हणाला, “सासऱ्यापरीस कमी लिवलं असतं तर सासरी तोंड कसं दावायचं?” नियमाप्रमाणे काम सासऱ्याला मिळाले. सासरा दृष्टीने सरकारांहून अधू असल्यामुळे काम जावयानेच केले. त्याचा पहिला प्रश्न होता, “अप्पा, ह्याला चाकं कुटं बसवायची?”

उशीर का झाला, याचे विश्लेषण मी पुढे शास्त्रीय पद्धतीने केले. त्यात कोणा एकाचा दोष नाही. दोष इच्छांच्या वाढीचा आहे. पहिल्या मागणीत वल्ही आणि सलामीसाठी एक तोफ, एवढेच होते. लाकूड आले तोवर सरकारांनी एका सचित्र मासिकात धूर सोडणारी आगबोट पाहिली. मग धुराडे होना. धुराडे आले, तर सरकारांच्या बेगमसाहेबांना तळ्यावरची हवा खावीशी वाटली. मग पडद्याचा सज्जा होना. सज्जा एका बाजूला भार टाकतो, म्हणून अप्पांनी तोल सांभाळायला दुसरी तोफ सुचवली. बिदरच्या एका पाहुण्याने हुक्क्याची खोली नसलेले जहाज पाहून सहानुभूती व्यक्त केली. म्हणून तीही आली. दर वेळी सांगाडा उकलायचा, फळ्या बदलायच्या, खजांचीची परवानगी घ्यायची. खजांची म्हणजे जहागिरीचा खजिना सांभाळणारे. वृत्तीने कोरडे, पण न्यायी गृहस्थ. ते म्हणत, “अप्पा, हे जहाज हाय का जावई? येतंय ते काईतरी मागायलाच येतंय.” अप्पा रागावत नसत. प्रत्येक नव्या फर्मानावर ते ‘हौ सरकार’ म्हणत, घरी येत, परात हौदात सोडत आणि तिच्यात नव्या वजनाइतकी ज्वारी टाकून मगच झोपत.

इंजिनाची कथा तर महायुद्धात शिरते. धुराडे आहे म्हणून इंजिन हवे, म्हणून मुंबईच्या एका पेढीकडे मागणी गेली. उत्तर आले की युद्ध सुरू झाल्यामुळे सगळी इंजिने खऱ्या युद्धनौकांना दिली जात आहेत. तुमचा क्रम कधी लागेल, सांगता येत नाही. दुसरा कोणी खचला असता. अप्पांनी तोच कागद सरकारांना अभिमानाने वाचून दाखवला. “सरकार, अपना इंजन लडाई पो गया.” तेव्हापासून त्यांना युद्धात वैयक्तिक गोडी उत्पन्न झाली. कलबुर्ग्याहून वर्तमानपत्र आले की ते विचारत, “कुटलं जहाज बुडलं? आमचं इंजन त्यात नव्हतं न्हवं?” युद्ध संपले तरी इंजिन आले नाही. मी हैदराबादहून सुट्टीवर आले तेव्हा या विषयावर काही सांत्वनपर बोलावे असे मनात होते, पण अप्पांनीच मला समजावले, “न्हाई आलं तर न्हाई. लढाईत गेल्यालं माणूससुदिक सगळंच परत येत न्हाई, पोरी. ते तर इंजन.” धुराड्याखाली शेगडी ठेवून ओला कडबा जाळायचा, म्हणजे सरकारांना धूर दिसेल, अशी त्यांनी सोय केली.

बांधणीच्या काळातला अप्पांचा एक नियम मात्र मला आजही आठवतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आमच्याकडे नवी घागर पूजा झाल्याशिवाय पाण्यात बुडवत नाहीत. अप्पांनी हीच रीत जहाजाला लावली: मुहूर्ताआधी त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. तळ्याच्या काठी त्यासाठी छप्पर उभारले होते आणि दर पावसाळ्याआधी ते स्वतः त्यावर नवा गवती थर घालून घेत. मुडबीच्या सुताराने जहाजाभोवती लोखंडी पट्टी चढवली ती चाकावर धाव चढवतात तशीच, लाल तापवून. अशी पट्टी बसली की तिच्यावर पाणी ओतून ती आवळायची असते. सुतार घागरी भरून उभा होता. अप्पा आडवे आले. “मुहूर्ताच्या आदी पाणी न्हाई!” मग सगळ्या गल्लीतल्या बाया सुपे घेऊन धावल्या आणि पाखडल्यासारख्या वारा घालत त्यांनी ते लालबुंद लोखंड थंड केले. जहाजाच्या फटींत अंबाडीचे तंतू आणि राळ ठासली होती. वर्षानुवर्षे ते छपराखाली असे कोरडे, असे सोवळे राहिले की त्याच्या फळ्यांवरून हात फिरवला तर भाजल्या पापडासारखा आवाज येई. या बाबतीत कोणालाच काही वावगे वाटले नाही; मलाही नाही. त्या दिवसांत मी जहाजाचे वजन, दोन तोफा, सज्जा आणि सरकार यांचा हिशेब मांडून पाणी कोठवर येईल ते काढले होते, आणि अप्पांनी बरोबर तिथे तांबड्या रंगाची एक रेघ मारून घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, “ही शास्त्राची रेघ हाय. पाणी हितंच थांबणार. त्याला तसा हुकूम हाय.”

अखेर मुहूर्त आला, शिवरात्रीनंतरच्या सोमवारी. तळ्याला अजून पाणी होते, ज्वारी कापणीला आली होती. सरकार तोवर फार थकले होते. आता उजेड आणि अंधार एवढाच भेद त्यांना कळत असे, आणि जहागिरींचे दिवस भरत आल्याचे ज्याला त्याला दिसत होते. आता नाही तर कधीच नाही, हे अप्पांना ठाऊक होते. गावातल्या झाडून साऱ्या बैलांनी जहाज ओंडक्यांवरून ओढत पाण्यात नेले. धुराड्यातून कडब्याचा धूर निघाला, एक तोफ उडाली, शेजारच्या जहागिरीतून आलेल्या पाहुण्यांनी ‘वाह’ म्हटले, आणि जहाज तरंगले. पाणी माझ्या रेघेपर्यंत आले. मी मान ताठ केली. मग रेघच पाण्याखाली गेली. सुकलेल्या प्रत्येक फटीतून पाणी आत येत होते. ओतल्यासारखे नव्हे, पाझरल्यासारखे, शांतपणे, जणू निमंत्रण मिळाल्यामुळे आले होते. कोणतीही घाई न करता, जराही न कलता, अप्पांचे जंगी जहाज छातीभर पाण्यात चिखलावर सरळ बसले. सज्जा, धुराडे आणि तोफांची तोंडे तेवढी वर उरली. एक पाहुणा म्हणाला, “पनडुब्बी बनाए क्या, अप्पा?” आणि काठ हसला. सरकारांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवून विचारले, “पानी में तो है ना, अप्पा?” अप्पा म्हणाले, “हौ सरकार. पानी में है.” त्यांचा हात उघड्या माथ्यावरून एकदा फिरला.

खजांचींनी दुसऱ्याच दिवशी सांगितले की बाजाराच्या दिवशी जहाज मोडून लाकूड विकायचे. फुकट कुजण्यापेक्षा कोणाच्या तरी गाडीला लागेल. त्यांचे बोलणे तर्कशुद्ध होते, म्हणूनच ऐकवत नव्हते. अप्पा घरी आले आणि त्यांनी स्वतःची बैलगाडी उलगडायला घेतली. सुगी तोंडावर होती, कडबा आणायचा होता, आणि उन्हाने चाके सुकून खडखडत होती. असे झाले की आमच्याकडचा प्रत्येक माणूस जे करतो तेच त्यांनी केले: दोन्ही चाके ढकलत तळ्यावर नेली आणि भिजत टाकली. लाकूड पाणी पिते, फुगते, ढिली धाव आपोआप आवळते. तीन वर्षांच्या पोरालासुद्धा ठाऊक असलेली गोष्ट. मी सोबत होते. चाके पाण्यात पडली, त्यांच्यातून बुडबुडे निघू लागले, आणि पलीकडे बुडालेल्या जहाजाच्या भोवतीही तसेच बारीक बुडबुडे निघत होते. अप्पा एकदा चाकाकडे पाहत, एकदा जहाजाकडे. मग ते हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. “पोरी,” ते म्हणाले, “चाकाला दर साल पाणी पाजलं. जहाजाला मातर सोवळ्यात ठिवलं! बुडालं न्हाई गं ते. भिजायलंय!” मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, लाकडाच्या तंतूंत पाणी कसे शिरते यावर मी नुकताच निबंध लिहिला होता. तो निबंध आणि ते जहाज एकमेकांना ओळखतात, हे मात्र त्या क्षणापर्यंत मला सुचले नव्हते. चाकाला आपण चाक म्हणून वागवतो. जहाजाला सगळ्यांनीच देव केले होते.

लाकूड फुगायला वेळ हवा होता आणि बाजाराचा दिवस तोंडावर होता. अप्पा पाण्यातून चालत गेले, सज्ज्यात चढले आणि तिथे मांडी घालून बसले. खजांचींची माणसे करवती घेऊन आली, तेव्हा वरून उत्तर आले, “कप्तान जहाज सोडत न्हाई. कापायचं आसंल तर मलाबी धरून कापा, मी सागवानापरीस स्वस्त पडतो.” खजांची स्वतः आले. “अप्पा, खाली या. लोक हसायलेत.” “हसू द्या जी. हसण्यानं लाकूड आकसत न्हाई.” “उपाशी किती दिस बसता?” या प्रश्नाचे उत्तर काठावरून मिळाले. अक्का आल्या, त्यांनी पितळी परात पाण्यावर ठेवली, तिच्यात भाकरी, ठेचा आणि ताकाचा तांब्या बरोबर मधोमध मांडला, आणि हलकेच ढकलली. परात डुलत डुलत सज्ज्यापर्यंत गेली. एक थेंबही सांडला नाही. “इतक्या सालात,” अक्का म्हणाल्या, “परात एकदाची कामाला आली.” खजांचींनी त्या परातीकडे पाहिले. मग करवतवाल्यांना म्हणाले, “सुगीचे दिस हायेत. लाकडाला आता गिऱ्हाईक न्हाई मिळायचं. पुढच्या बाजारी बगू.” सुगीच्या तोंडावरच गाड्यांच्या लाकडाला सर्वांत अधिक भाव येतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

पुढच्या बाजाराच्या आदल्या सकाळी विहिरींवरच्या मोटा सोडून शेतकरी तळ्यावर आले. चामड्याच्या त्या मोठ्या मोटांनी जहाजातले पाणी उपसायला सुरुवात झाली आणि दुपार कलताना चिखलाने एक दीर्घ सुस्कारा टाकला. जहाज उठले. हळूहळू, अंग न झाडता, कोणाला दोष न देता ते पाण्यावर आले आणि उभे राहिले. फटींतून पाण्याचा एक थेंब आत येत नव्हता. पाणी मात्र माझ्या रेघेच्या चार बोटे वर होते. अप्पांनी ते माझ्या आधी पाहिले आणि पुटपुटले, “तुझी रेघ चुकली न्हाई, पोरी. जहाज लई दिसाचं तान्हेलं होतं. जरा जास्तीचं प्यालंय.” सरकारांना मेण्यातून आणले. वल्ही मारत, कडब्याचा धूर सोडत जहाजाने तळ्याला एकच फेरी घातली. सरकारांना दिसत काहीच नव्हते. पण हात पाण्यात सोडून ते बसले होते, आणि परतल्यावर त्यांनी ओल्या बोटांनी चाचपडत अप्पांच्या डोक्यावर स्वतः पागोटे बांधले. ते इतके वाकडे बसले होते की डाव्या अंगाला कलले होते. जन्मभर तोल सांभाळलेल्या माणसाने ते तसेच राहू दिले.

सरकार त्याच वर्षी गेले. जहाजाला काही काम उरले नाही असे आम्हाला वाटले, आणि मग हैदराबाद संस्थान संपले ते धामधुमीचे वर्ष आले. त्याविषयी मी फार लिहीत नाही. आमच्या भागात ते ज्याने त्याने आपापल्या घरात पाहिले आहे. एका ऋतूत काही लोक भिऊन पळत होते, दुसऱ्या ऋतूत दुसरे. तळ्याच्या पलीकडे ज्वारीची दाट शिवारे होती आणि त्यांच्यापुढे कमठाण्याकडे जाणाऱ्या वाटा. अप्पांनी दोन्ही ऋतूंत जहाज चालवले. कोण कोणापासून पळते, हे त्यांनी विचारले नाही; फक्त “मधोमध बसा, कडंला न्हाई,” एवढेच सांगत राहिले. आधी गावातल्या लेकीसुना त्या पडद्याच्या सज्ज्यात दडून पार गेल्या, आणि नंतर त्याच सज्ज्यात सरकारांच्या घरातल्या बायका. ज्यांच्या हौसेसाठी तो बांधला होता, त्यांनी तो असा वापरला. दोन्ही तोफांची तोंडे अप्पांनी अंबाडीने बुजवून टाकली होती. त्या उन्हाळ्यात जहाज भिजत ठेवायला सवड नव्हती, फळ्या पुन्हा उकलल्या, आणि अप्पा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने परातीने पाणी उपसत राहिले.

नंतर नवे अधिकारी जहागिरीची मोजदाद करायला आले. तळ्यावर जहाज पाहून त्यांनी विचारले, “हे लढाऊ आहे का?” अप्पा म्हणाले, “व्हय. लढलंय.” “कुणाशी?” “कुणाशीच न्हाई.” अधिकाऱ्यांनी त्याची नोंद कोणत्या रकान्यात केली, मला माहीत नाही.

मी आता मुंबईला असते. संध्याकाळी गोदीवरून जाताना राखी रंगाची जहाजे दिसतात. एखादे कधीचे अर्धवट उभे आहे, अजून तयार होत नाही, असे कोणी कुरकुरले की मला हसू येते. अप्पांना मी समुद्र पाहायला या म्हणून किती वेळा बोलावले. ते म्हणतात, “समुद्राला काठ एकच. पलीकडं कुणाला पोचवायचं?” जहाज त्यांनी यंदा मुद्दाम बुडवून ठेवले आहे, फळ्या जुळून येण्यासाठी; आणि जहाज खाली असेपर्यंत पागोटे खुंटीवर, हा आता त्यांचा दर वर्षीचा नेम झाला आहे. अजून परगावचे गाडीवाले त्यांचा उघडा माथा पाहून आवाज खाली आणतात आणि विचारतात, “कोण गेलं, अप्पा?” पूर्वी या प्रश्नाला ते लगेच उत्तर देत. आता देत नाहीत, असे आत्या सांगते. आधी ते तळ्याकडे पाहतात, बुडबुडे कुठे निघतात तिकडे. “लई गेले,” म्हणतात. आणि मग, टॉवेल खांद्यावर नीट करत, “पर यायचंय एक.”